खिडकी कोणाची?

नाट्यगृहाच्या खिडकीत प्लॅन पुढ्यात घेऊन ज्याने उमेदीची वर्षं काढली, त्याला या धंद्यात पैसा कुठून कुठे जातो हे वेगळं शिकवावं लागत नाही. मी दादरला बसायचो. छापील प्लॅनवर लाल-निळ्या पेन्सिलीने फुल्या मारायच्या, बुकातून तिकीट फाडून द्यायचं. काही खुर्च्या प्लॅनवर कोऱ्या दिसत, पण विकायच्या नसत. ‘अहो, तिसऱ्या रांगेतल्या मधल्या दोन ठेवा हं,’ असा निर्मात्याचा निरोप सकाळीच आलेला असे. रांगेतला माणूस मात्र चिडायचा माझ्यावर. निर्माता त्याला दिसतच नसे.

त्यामुळे अमेरिकेतल्या तिकिटमास्टर या तिकीटविक्री कंपनीचा इतिहास वाचताना मला संगणकाचं फारसं कौतुक वाटलं नाही. तिथे संगणकावर तिकिटं विकणारी तिकिट्रॉन ही कंपनी आधीपासून होतीच. मोठमोठ्या दुकानांत तिची यंत्रं असत. गिऱ्हाईक कपडे घ्यायला आलं की जाताना मैफलीचं तिकीटही घेऊन जाई. तिकिटमास्टर १९७६ साली अॅरिझोनातल्या फिनिक्समध्ये निघाली. अॅरिझोना स्टेट विद्यापीठातले दोन कर्मचारी आणि त्यांच्या जोडीला एक व्यावसायिक, एवढाच पसारा. पहिली काही वर्षं तिकिट्रॉनने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसेल.

१९८२ साली हयात हॉटेलांच्या प्रित्झकर घराण्याचा पैसा आला आणि कारभार फ्रेड रोझेन या वकिलाच्या हातात गेला. या गृहस्थाने हिशेबच उलटा केला. तोवर तिकिटं विकून देण्याचे पैसे सभागृहवाल्याला मोजावे लागत. रोझेन म्हणाला, तुम्ही काही देऊ नका, उलट मीच तुम्हाला देतो. प्रेक्षकाकडून तिकिटावर सेवाशुल्क घ्यायचं, त्यातला वाटा सभागृहाला द्यायचा, वर आगाऊ रक्कमही मोजायची. बदल्यात एकच अट: पुढची काही वर्षं या सभागृहाचं तिकीट दुसऱ्या कोणी विकायचं नाही.

यातली मेख खिडकीत बसलेल्यालाच कळेल. शुल्क वाढलं की सभागृहाचा वाटाही वाढतो. मग स्वस्तात काम करणारा दुसरा कोणी आला, तर सभागृहवाला त्याला दारातूनच परत पाठवणार, कारण स्वस्ताई त्याच्याच खिशाला परवडत नाही. स्पर्धा होती, पण प्रेक्षकाला कमी दरात तिकीट द्यायची नव्हे, तर सभागृहाला जास्त पैसे द्यायची. शिवाय शिव्या खायला तिकिटमास्टर आहेच. सभागृह, कार्यक्रम भरवणारे, कधी कधी कलावंतसुद्धा नामानिराळे. माझ्या मते या कंपनीने विकलेला सगळ्यात महागडा माल हाच होता. १९९१ साली तिने तिकिट्रॉन विकत घेऊन टाकली आणि सरकारने हरकत घेतली नाही.

हरकत घेतली ती सिअॅटलच्या पर्ल जॅम या रॉक बँडने. त्यांचं म्हणणं साधं होतं: तिकीट अठरा डॉलरच्या आसपास ठेवू, त्यावर शुल्क १ डॉलर ८० सेंटच्या वर नको. ते जमेना, तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या न्यायखात्याकडे तक्रार केली. ३० जून १९९४ रोजी बँडमधले स्टोन गॉसर्ड आणि जेफ अमेंट हे दोघे संसदेच्या उपसमितीपुढे साक्षीला बसले. पुढच्या वर्षी तिकिटमास्टरला वगळून दौरा काढला, आणि खरी पंचाईत तिथे झाली. धड सभागृहं करारात अडकलेली. उरलं काय, तर मैदानं नि बागा. तिथे मंचापासून कुंपण, पोलीस, संडासापर्यंत सगळं स्वतःच उभं करायचं. २४ जूनला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये गायक एडी व्हेडर आजारपणामुळे सात गाण्यांनंतर मंचावरून उतरला. पुढचा कार्यक्रम गायक नील यंगने निभावला आणि दौऱ्याचा उरलेला टप्पा रद्द झाला. दोनच आठवड्यांत, ५ जुलैला, न्यायखात्याने चौकशी गुंडाळली. १९९८ च्या दौऱ्यात पर्ल जॅमची तिकिटं पुन्हा तिकिटमास्टरवर होती. त्याला मी शरणागती म्हणणार नाही. गाणाऱ्याला छप्पर लागतं आणि छप्पर करारात होतं.

पुढचं भराभर घडलं. रॉबर्ट सिलरमन यांनी गावोगावचे कार्यक्रम भरवणारे विकत घेत एसएफएक्स उभी केली, ती २००० साली क्लिअर चॅनल या कंपनीकडे गेली, २००५ मध्ये तिच्यातून लाइव्ह नेशन वेगळी निघाली आणि २०१० साली तिचं तिकिटमास्टरशी लग्न लागलं. कार्यक्रम भरवणारा, सभागृहवाला आणि तिकीटवाला एकाच घरात नांदू लागले. सरकारने अट घातली होती की तिकिटमास्टर नाकारणाऱ्या सभागृहावर सूड उगवायचा नाही. ती पाळली गेली नाही असं न्यायखात्यानेच म्हटलं. तरी लग्न मोडलं नाही, अटींची मुदत तेवढी वाढली.

२०२२ च्या नोव्हेंबरात गायिका टेलर स्विफ्टच्या दौऱ्याच्या तिकीटविक्रीत तिकिटमास्टरची यंत्रणा कोलमडली, तेव्हा सगळं जग संगणकाला दोष देत होतं. २३ मे २०२४ रोजी न्यायखात्याने आणि अनेक राज्यांनी कंपनी फोडा म्हणून दावा लावला. त्यात बोट ठेवलं होतं ते सभागृहांना वर्षानुवर्षं बांधून ठेवणाऱ्या करारांवर.