मोठ्या महादेवाची वाट

आमच्या नांदगाव खंडेश्वरात महादेवाची वाण नाही. गावाचं नावच त्याच्यावरून, आणि देऊळ हेमाडपंती, यादवांच्या काळातलं. तरी आबाजी म्हणत, "हा घरचा महादेव. मोठा महादेव तिकडं, पचमढीले." मोर्शीपलीकडे साळबर्डीला आहे तो छोटा महादेव. भस्मासुराच्या भीतीनं देव तिथल्या भुयारात शिरला तो थेट पचमढीला निघाला, असं आमच्याकडं सांगतात. माणसांना मात्र डोंगर चढूनच जावं लागे.

आबाजींच्या तरुणपणी बैलगाडी मुलताईपर्यंत, पुढं पाय. बरोबर भगत. भगत म्हणजे पुजारी नव्हे. आमच्याच शिवारातला कास्तकार, पण वाट त्याच्या अंगात मुरलेली. पाणी कुठल्या झऱ्याचं प्यायचं, मुक्काम कोणत्या झाडाखाली, कोणाच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवायचं, सगळं तोच ठरवी. शिदोरीत ज्वारीच्या भाकरी, ठेचा, सातूचं पीठ. एकदा वाटेला लागलं की नावं गळून पडत. पाटील असो की सालदार, एकमेकांना हाक "ओ भगत!" अशीच. ही हाक आजही त्या डोंगरात ऐकू येते, आणि मला त्या यात्रेतली हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. गावात परतल्यावर ती किती दिवस टिके, हे विचारू नये.

पचमढी कॅप्टन जेम्स फोर्सिथनं 1857 साली "शोधली" असं पर्यटकांना सांगितलं जातं. त्याचं पुस्तक 1871 सालचं, आणि त्यात तो पठारावर पोचतो 1862 मध्ये. तिथं त्यानं बांधलेला बायसन लॉज हा या डोंगरातला पहिला साहेबी मुक्काम. पण त्याच पुस्तकात महादेवाची जत्राही आहे, आणि देवस्थानाचे वंशपरंपरागत राखणदार असलेले कोरकू ठाकूरही. म्हणजे यात्रेकरू होते, रस्ता होता, राखणदार होते. शोधायचं राहिलं होतं ते काय? मेळघाटात आपल्या शेजारी राहणारे कोरकू तेच हे लोक. 1818 मध्ये नागपूरचे आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले तेव्हा याच महादेवाच्या डोंगरांत गोंड-कोरकूंच्या आसऱ्यानं राहिले. तिथून पुढं अशीरगड गाठला. साहेबाला सापडायच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधी आमच्या राजाला तिथं लपायची जागा सापडली होती.

जत्रेला दुसरी बाजूही होती. 1860च्या दशकात गर्दीत पटकी पसरली, परतणाऱ्यांबरोबर गावोगाव गेली, आणि सरकारनं जत्रा बंद केली. नवस मात्र कोणाच्या हुकमानं फिटत नाहीत. मूल झालं की पचमढीजवळच्या चौरागडाच्या डोंगरावर त्रिशूळ न्यायचा, हे बोललेलं असे. तेराशेच्या आसपास पायऱ्या, आणि खांद्यावर लोखंड. माथ्यावर वर्षानुवर्षांच्या त्रिशुळांचा ढीग आहे, त्यातले कितीतरी वऱ्हाडातल्या लोहारांनी घडवलेले असणार.

महाशिवरात्रीचा चौरागड एका दिवसाचा. खरी कसोटी त्याच डोंगरांतल्या, श्रावणातल्या नागद्वारी यात्रेची. सातपुड्याचं सर्वात उंच शिखर धूपगड, 1352 मीटर. त्याच्या अंगानं वाट उतरते आणि मग चढ-उतार संपतच नाहीत. पाऊस, निसरडे खडक, धुकं, जळवा. काजरी गावाची कथा इथंच ऐकायची: मूल व्हावं म्हणून एका बाईनं नागदेवाच्या डोळ्यांत काजळ घालीन असा नवस केला, आणि देव समोर आला तेव्हा त्याचं अक्राळविक्राळ रूप पाहून ती हबकली. ही गोष्ट सांगताना भगत नेमका सगळ्यात अरुंद जागी थांबतो. त्याची ती खोड आहे.

आता हा सगळा भाग व्याघ्र प्रकल्पात येतो. नागद्वारीची वाट वर्षातून नागपंचमीच्या सुमाराला काही दिवसच उघडते, एरवी वनखात्याचं कुलूप. त्या दिवसांत नागपूरकडची, विदर्भातली मंडळं ताडपत्र्या बांधून मुक्काम उभे करतात. कोणीही यावं, जेवावं, ओल्या कपड्यांनिशी आडवं व्हावं. पैसे विचारत नाहीत. हल्ली पाठीवर महागड्या सॅक घेतलेली पुण्या-मुंबईची पोरंही तिथं दिसतात. त्यांनाही पंगतीत वाढणारा म्हणतो, "घे भगत, अजून थोडी खिचडी."