कॉम्प्युटर शिकलो, आता नोकरी कोणती? – एका प्रश्नाचा इतिहास

दोन वर्षांपूर्वी दहावीचा निकाल लागल्यावर एक पालक माझ्या घरी आले. हातात मुलाची गुणपत्रिका आणि नुकतेच लॅमिनेट करून आणलेले एमएस-सीआयटीचे प्रमाणपत्र. म्हणाले, "सर, बच्चे को कॉम्प्युटर करवा दिया. अब आयटी में लग जाएगा ना?" हमाली करून फी भरलेली होती. मला 'हो' म्हणवेना. 'नाही' म्हणायचे तर कारण सांगणे भाग होते, आणि ते कारण चार वाक्यांत मावणारे नव्हते. त्या दिवशी जे नीट सांगता आले नाही ते इथे लिहितो.

आज कॉम्प्युटर म्हटले की यंत्र आठवते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मात्र ते माणसाच्या नोकरीचे नाव होते. १८३१ साली राधानाथ सिकदार हा बंगाली तरुण भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात 'कॉम्प्युटर' या पदावर रुजू झाला. काम होते मोजणीचे आकडे घेऊन हिशेब करणे. पुढे ज्या शिखराला एव्हरेस्ट नाव मिळाले, त्याच्या उंचीच्या हिशेबात त्याचा मोठा वाटा होता. त्याला ही नोकरी मिळाली ती गोलीय त्रिकोणमिती येत होती म्हणून. पदाचे नाव पुढे यंत्राला मिळाले, पण गणिताची अट गेली नाही.

आपल्या कारंज्यालाही माहिती जपण्याच्या कामाचा जुना वारसा आहे. इथल्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारांत शेकडो वर्षांची हस्तलिखिते सांभाळली गेली. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा कारंज्याच्या या खजिन्याची ओळख बाहेरच्या अभ्यासकांना झाली. १९३१ मध्ये पुष्पदंताचे 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य प. ल. वैद्य यांनी संपादित केले. कारंजा जैन ग्रंथमालेचा तो पहिला ग्रंथ. या कामात तीन निरनिराळी माणसे होती. एक पोथी उतरवून घेणारा लिपिकार, दुसरा सूची करणारा आणि तिसरा पाठ ताडून पाहणारा संपादक. पहिल्याला सुवाच्य अक्षर पुरत होते, दुसऱ्याला अनेक विषयांची जाण लागे, तिसऱ्याला भाषाशास्त्र. एकाच कामाच्या या तीन पायऱ्या होत्या आणि तिन्हींची पात्रता वेगळी. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती पुन्हा पुन्हा येणार आहे.

उर्दूच्या दुनियेत लिपिकाराला कातिब म्हणत. नस्तालीक लिपी तिरकी उतरते, अक्षरे एकमेकांवर चढतात, त्यामुळे तिचे खिळे पाडणे जवळजवळ अशक्य होते. इंग्रजी-मराठी छापखान्यांत खिळे जुळवणारे कामगार आले, तरी उर्दूची वर्तमानपत्रे कातिब हातानेच लिहीत राहिले. चेन्नईचे १९२७ साली सुरू झालेले 'द मुसलमान' हे दैनिक तर अलीकडच्या काळापर्यंत असेच निघत होते. कातिब होण्यासाठी पदवी लागत नसे, उस्तादासमोर बसून वर्षानुवर्षे कलम घोटावे लागे. आमच्या घरात अब्बांचे एक चुलतभाऊ असेच खुशनवीस होते. गावातली निकाहाची निमंत्रणे आणि दुकानांच्या पाट्या त्यांच्याकडे येत.

मग १९८१ आले. पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरे हाताने रेखाटून काढली, त्यांवरून 'नूरी नस्तालीक' हा संगणकी टंक तयार झाला आणि लाहोरचे 'जंग' त्यात छापले जाऊ लागले. १९९४ च्या सुमारास दिल्लीच्या कंपनीचे 'इनपेज' आले आणि जे काम कातिब दिवसभर करी ते ऑपरेटर तासाभरात करू लागला. आमच्या चाचांचे काम दोन-तीन वर्षांत थांबले. पण लक्षात घ्या, ज्याने टंक रेखाटला तोही खुशनवीसच होता. यंत्राने नक्कल करणाऱ्याची गरज संपवली. ज्याला अक्षराची घडण कळत होती त्याला मात्र नवे काम दिले.

१९९६ पासून स्वायत्तपणे काम करणाऱ्या राष्ट्रीय उर्दू भाषा विकास परिषदेने उर्दू जाणणाऱ्या मुलांसाठी संगणकाची केंद्रे उघडली. त्यांत एक वर्षाची पदविका होती: संगणक वापर, हिशेब आणि बहुभाषिक डीटीपी. या केंद्रांमुळे अनेक उर्दू माध्यमाच्या मुलामुलींनी पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला. त्याआधी गावोगावी टायपिंगचे क्लास होते. मराठी तीस, इंग्रजी चाळीस शब्दांचे सरकारी प्रमाणपत्र हाती असले की लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करता येई. आता तीच परीक्षा संगणकावर होते.

हे चालू असताना मुंबई-पुण्यात दुसरीच कहाणी घडत होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः बनवलेल्या संगणकाला १९६२ मध्ये 'टिफ्रॅक' नाव मिळाले. १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली. त्या काळच्या संगणक विभागात पायऱ्या स्पष्ट होत्या. कार्डांवर भोके पाडणारा पंच ऑपरेटर, यंत्र चालवणारा ऑपरेटर, आज्ञावली लिहिणारा प्रोग्रामर आणि सगळ्या कामाचा आराखडा करणारा सिस्टिम अ‍ॅनालिस्ट. पुढे कार्डे गेली आणि पंच ऑपरेटरचे पदही गेले. वरच्या दोन पदांसाठी मात्र माणसे कमी पडू लागली. म्हणून प्रा. राजारामन यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९८० च्या दशकाच्या आरंभी एमसीए ही पदव्युत्तर पदवी आली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम' महासंगणक तयार झाला. महाविद्यालयात न जाता शिकणाऱ्यांसाठी त्याच सुमारास डोएक योजना आली. तिचे 'ओ', 'ए', 'बी', 'सी' असे चार स्तर होते. ही संस्था आज नायलिट या नावाने ओळखली जाते.

२००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोचली. हा अभ्यासक्रम मीही केला आहे. सरकारी नोकरांना तो आवश्यक ठरला, आणि तिथूनच आपल्या मनात एक गल्लत झाली असे मला वाटते. ही परीक्षा संगणक वापरणाऱ्यासाठी आहे. शिक्षक, लिपिक, दुकानदार यांना ती उपयोगी आहे. संगणक घडवणारा किंवा चालता ठेवणारा माणूस तिच्यातून तयार होत नाही, तसा तिचा दावाही नाही. मोटार चालवण्याचा परवाना मिळाला म्हणून कोणी मोटारीचा इंजिनिअर होत नाही, इतकी ही साधी गोष्ट आहे.

मग कशाला काय लागते? डेटा एंट्रीला टायपिंग आणि प्राथमिक संगणकज्ञान. आयटीआयचा 'कोपा' हा एक वर्षाचा ट्रेड दहावीनंतर करता येतो, त्यातून ऑपरेटर किंवा सहायकाची कामे मिळतात. हार्डवेअर-नेटवर्कसाठी पदविका आणि सिस्को, रेड हॅट अशा कंपन्यांच्या परीक्षा. प्रोग्रामरसाठी दहावीनंतर पॉलिटेक्निक आणि मग थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, किंवा बारावी विज्ञान आणि सीईटी, किंवा बीसीए-बीएस्सी आणि मग एमसीए. बीसीएलाही २०२४ पासून आपल्या राज्यात सीईटी आहे. डेटाबेस, सायबर सुरक्षा, डेटा विश्लेषण ही त्यापुढची कामे. काही कंपन्या पदवी न पाहता काम पाहून घेतात हेही खरे, पण त्या कामाच्या परीक्षेत तर्क आणि गणितच विचारतात.

२००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी-पदविकाधारक सुमारे सात टक्के होते, मुस्लिमांत चार टक्क्यांहून कमी. म्हणजे प्रत्येक वेळी आपण सर्वांत खालच्या पायरीवर पोचलो, कारण तिची फी कमी, वेळ कमी आणि क्लास मोहल्ल्याजवळ. आणि प्रत्येक वेळी यंत्राने आधी तीच पायरी काढून घेतली. आपल्या जलशांत अल-ख्वारिज्मीचे नाव अभिमानाने घेतले जाते. अल्गोरिदम हा शब्द त्याच्या नावावरून आला, हे खरेच आहे. पण त्याने बीजगणिताचे पुस्तक लिहिले ते वारसाहक्काच्या वाटण्या, व्यापार आणि जमिनीची मोजणी यांसाठी, म्हणजे लोकांच्या रोजच्या कामासाठी. त्याचा अभिमान असेल तर आठवीच्या मुलाची बीजगणिताची वही उघडून पाहिली पाहिजे.

भाषाशिक्षक म्हणून एक अडचण मला रोज दिसते. आमचा मुलगा दहावीपर्यंत 'मुसल्लस' शिकतो, बाजूच्या शाळेतला 'त्रिकोण' शिकतो आणि अकरावी विज्ञानाला दोघांसमोर एकदम 'ट्रायअँगल' येतो. मुलाला गणित येत असते, शब्द ओळखू येत नाही. तो समजतो की आपल्याला डोकेच नाही, आणि शाखा बदलतो. मी नववीच्या वर्गात आता गणिताच्या शिक्षकांच्या मदतीने तिन्ही भाषांतल्या संज्ञांचा तक्ता लावला आहे. उपाय लहान आहे, पण खर्च फक्त एका पुठ्ठ्याचा.

त्या पालकांना मी मुलाचे गणिताचे गुण विचारले. चौसष्ट होते. मी म्हटले, "भाई, लॅमिनेशन तर या गुणांचे करायला हवे होते." मुलगा पॉलिटेक्निकला गेला. पहिल्या वर्षी गणितात एक विषय राहिला, दुसऱ्या प्रयत्नात निघाला. नोकरी लागेल की नाही हे आज कोणी सांगू शकत नाही. या निकालाच्या दिवसांत तुमच्या घरी, शेजारी दहावीचा मुलगा-मुलगी असेल तर क्लासची फी भरण्याआधी त्यांची गणिताची वही जरूर पाहा.