मंगलाष्टकांच्या वृत्तातली प्रीती

प्रेमविषयक सुनीत वर्गात घेतले की आम्ही आधी आशय विचारतो आणि उत्तर ठरलेले येते: ‘प्रेम’. उत्तर चुकीचे नसते, पण त्यानंतर कवितेत पाहण्यासारखे काही उरले नाही असे सर्वांनाच वाटू लागते. हे प्रेम कोण, कोणाला आणि कोणत्या आवाजात सांगतो आहे, हा प्रश्न बाजूलाच राहतो. आशय चटकन सापडतो. सूर ऐकू यायला थोडा इतिहास लागतो.

केशवसुतांचे ‘मयूरासन आणि ताजमहाल’ (१८९२) हे मराठीतले पहिले सुनीत मानले जाते. ‘सुनीत’ हे नाव तेव्हा रूढ नव्हते. केशवसुत या रचनेला ‘चतुर्दशक’ म्हणत. शाहजहानच्या दोन निर्मिती येथे समोरासमोर ठेवल्या आहेत, एक वैभवाची आणि एक प्रीतीची. त्यांचे पुढे काय झाले ते इतिहासाला ठाऊक आहे. मयूरासन १७३९ साली नादिरशहाने नेले. १६३१ साली निवर्तलेल्या मुमताजचा ताज आग्ऱ्याला उभा आहे. आशय प्रीतीचाच, पण कवी इथे प्रियकर नाही, तो दोन पक्ष तोलणारा आहे. विरहाचे उसासे शोधणाऱ्याला ही कविता कोरडी वाटेल. आम्हांला तो निवाड्याचा सूर वाटतो, आणि प्रीतीच्या बाजूने असा निवाडा देणे ही १८९२ साली लहान गोष्ट नव्हती.

हा सूर आला कोठून? पेत्रार्कच्या घाटात आठ ओळींनंतर विचाराला कलाटणी मिळते, शेक्सपिअरच्या घाटात शेवटच्या दोन ओळी निष्कर्षासारख्या येतात. युक्तिवाद या बांध्यातच आहे. पण मराठीत त्याला आणखी एक गोष्ट येऊन मिळाली. आपल्या कवींनी सुनीतासाठी बहुधा शार्दूलविक्रीडित पसंत केले. एकोणीस अक्षरे, बाराव्यावर यती. हेच मंगलाष्टकांचे वृत्त! मराठी कानाला ते अंतरपाट, अक्षता आणि भरलेला मांडव यांसकट ऐकू येते. दोघांतली गोष्टही त्या वृत्तात शिरली की चारचौघांसमोर उभी राहते. पुढे १९३८ साली माधव जूलियनांनी ‘तुटलेले दुवे’मध्ये सुनीतांची मालाच गुंफली. शेवटच्या ओळीशी मिटणाऱ्या या घाटाला तुटलेल्या नात्याची लांबण सोसायला लावणे, हे आम्हांला त्यांचे मोठे धाडस वाटते.

माधव जूलियन ज्या रविकिरण मंडळाचे, ते पुण्यात १९२३ साली स्थापन झाले. त्याच सुमारास, १९२१ ते १९२४ या काळात, पुण्याच्या पश्चिमेला मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी टाटांच्या धरणाविरुद्ध झगडत होते. मंडळाच्या कवींना याचा जाब विचारण्याची एक चाल आहे. आम्ही तिच्यात पडत नाही. मुळशीचे नाव निघाले ते वेगळ्या कारणाने. याच खोऱ्यांतून गी प्वातवॅं आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे त्यांचे काम महाराष्ट्रभर पसरले आणि ओव्यांची संख्या लाखावर गेली. २०१७ पासून त्या ‘पारी’वर ऐकताही येतात.

ओवीत सुनीताच्या उलट घडते. पहाटेचा काळोख, दळणारी एक किंवा दोघी, ऐकणारे जाते. माया उघड बोलली जाते ती भावाची, लेकराची, आईची. नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून त्याच्याबद्दल कुंकू बोलते. सुनीतात प्रीतीचा उच्चार उघड आणि आवाज मांडवातला. ओवीत उच्चार झाकलेला आणि आवाज मात्र अगदी कानाशी.

मुळशीतल्या एखाद्या वर्गात केशवसुत शिकवले जातात तेव्हा समोरच्या मुलीच्या आजीला या ओव्या येत असण्याचा चांगलाच संभव असतो. ‘सूर म्हणजे काय’ याची व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी तिला आजीची एक ओवी म्हणायला सांगावी, आणि मग सुनीत मोठ्याने, बाराव्या अक्षरावर थांबत, वाचावे.