एकच डावा पाय

बिदरजवळच्या नौबादच्या मैदानावर तू उभा आहेस. वय सतरा. घासून गुळगुळीत झालेले बूट, मोज्यांवर लाल माती. इथला जांभा एकदा मोज्यात शिरला की आई कितीही घासू दे, धुतलेला मोजाही गुलाबीच वाळतो. घरात तू मराठी बोलतोस, वर्गात कन्नड आणि मैदानावर दखनी. फुटबॉल खेळतोस डाव्या बाजूने. तुझा डावा पाय बरा चालतो, एवढं गावाला ठाऊक आहे. गावाबाहेर अजून कुणाला ठाऊक नाही.

मैदानाच्या पलीकडे जमिनीत एक गोल तोंड उघडं आहे. जुनी माणसं त्याला सुरंगबावी म्हणतात. पंधराव्या शतकात, बहामनी अमदानीत, जांभा खोदून जमिनीखालून पाण्याची वाट काढली, ती ही कारेज. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. खोदणाऱ्यांनी तळाला बेताचा उतार दिला आणि उतार होता तिकडे पाणी गेलं. ठरावीक अंतरावर अशा उभ्या विहिरी आहेत, हवेसाठी आणि गाळ उपसण्यासाठी.

आज तुला त्यातून खाली उतरायचंय. दर वेळी वेगळ्या तोंडातून बाहेर पडशील आणि वर साल वेगळं असेल. तू मात्र तोच राहशील, सतरा वर्षांचा, त्याच डाव्या पायाचा. बघायचं एवढंच, की कुठल्या जमान्यात तुला कोण विचारतं. ते तुझ्या खेळावर ठरेल, असं तुला वाटत असेल. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं ठरतं ते दुसऱ्या संघातला तयार गडी आपला संघ किती सहज सोडू शकतो, यावर.

चल, उतर.

पहिल्या तोंडातून डोकं वर काढतोस तेव्हा 1950 साल आहे. बिदर हैदराबाद राज्यातला जिल्हा. पोलीस कारवाईला दोन वर्षं झालीत, घराघरांत अजून दबक्या आवाजात बोलणं चालतं. तू विकाराबादमार्गे हैदराबाद गाठतोस. पायात बूट नाहीत. त्याचं कुणाला नवलही नाही, अनवाणी खेळणारे इथे ढिगाने आहेत.

मैदानाच्या कडेला सय्यद अब्दुल रहीम उभे आहेत. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. सिटी कॉलेजच्या आजी-माजी विद्यार्थ्यांच्या ‘इलेव्हन हंटर्स’ संघातून खेळलेले. पेशाने शाळामास्तर, आणि आता हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक. पोरांसाठी ते तऱ्हेतऱ्हेच्या स्पर्धा भरवतात. एकीत ड्रिबलिंगला बंदी, चेंडू आला की पुढे द्यायचा. दुसरीत ज्याचा जो पाय कच्चा, त्यानेच खेळायचं.

तू नेमका या दुसरीत सापडतोस. ज्या डाव्या पायाच्या भरवशावर नौबादहून आलास, तो आज नुसता उभं राहायला. उजव्याने पहिला पास देतोस, तो सरळ रेषेबाहेर. दुसरा पायाखालीच अडकतो. बाहेरची पोरं हसतात. पण अर्ध्या तासाने उजवाही थोडा ऐकू लागतो. या माणसाला तू आज काय आहेस यापेक्षा दोन वर्षांनी काय होशील, यात जास्त रस आहे.

का असावा? स्वभाव हे एक कारण. दुसरं साधं, व्यवहाराचं. या जमान्यातला फुटबॉल कागदोपत्री हौशी आहे. खेळाचा पगार नसतो, नोकरीचा असतो. पोलिसांकडून खेळणारा पोलिसात असतो, रेल्वेकडून खेळणारा रेल्वेत. संघ सोडायचा तर नोकरी सोडायची, बरोबर पगारही गेला. एवढं धाडस करणारे थोडे. मग दुसऱ्याचा तयार गडी सहज मिळत नाही, आणि प्रशिक्षकाला गल्लीबोळात, शाळांच्या मैदानांवर हिंडून तुझ्यासारखी कच्ची पोरं शोधावी लागतात. त्या शोधाचं फळ मुंबईच्या कूपरेजवर दिसतं. 1950 ते 1954, सलग पाच वर्षं रोव्हर्स कप हैदराबाद सिटी पोलिसांकडे.

तुला खाकी मिळते. पगार बेताचा, पण पहिल्या तारखेला हातात. आईला पाठवायला त्यातून काही उरतं. बेडी म्हणशील तर बेडी, आधार म्हणशील तर आधार.

पुन्हा उतर. पुढच्या तोंडावर 1957 आहे.

वर आल्यावर पहिला धक्का नौबादमध्येच बसतो. 1 नोव्हेंबर 1956 ला निजामाच्या मुलखाचे भाषेवर तीन वाटे झाले. औरंगाबाद, नांदेडकडचा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात, तेलंगण आंध्र प्रदेशात आणि बिदर म्हैसूर राज्यात. तू एक पाऊलही हलला नाहीस, पण तुझं राज्य बदललं. कालपर्यंत ज्या हैदराबादला तू आपलं म्हणत होतास, तिथे आता पाहुणा आहेस. खेळाडूला विचारल्याशिवाय झालेली याहून मोठी ट्रान्सफर मला ठाऊक नाही.

हैदराबाद त्या सुमारास जोरात आहे. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीम यांच्या हाताखालचा भारतीय संघ चौथा आला. त्या संघातला तुळशीदास बलराम सिकंदराबादेकडच्या गरीब घरातला पोर. सरावाला यायला पैसे नव्हते, तेव्हा भाड्याच्या सायकलचे पैसे रहीम यांनी दिले, असं सांगतात. तोच बलराम आता, 1957 मध्ये, कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे निघालाय.

तूही हावड्याला उतर. कलकत्त्यात चेंडू लाथाडला जाण्याआधीच मोसम सुरू होतो. इंडियन फुटबॉल असोसिएशनच्या कचेरीत खेळाडूने स्वतः जाऊन सही करायची, मग तो त्या वर्षी त्या क्लबचा. सहीच्या दिवसांत क्लबची माणसं खेळाडूला अक्षरशः लपवून ठेवतात. आज या नातलगाकडे, उद्या त्या हॉटेलात. विरुद्ध पक्षाचा माणूस भेटला आणि मन फिरलं तर? कचेरीबाहेर गर्दी उसळलेली. तू टेबलापाशी वाकतोस, टाक शाईत बुडवतोस. मागे कुणीतरी श्वास रोखून उभं असल्याचं तुला जाणवतं. तुझ्या सहीसाठी कुणी इतका जीव टाकेल, हे नौबादमध्ये तुझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बाहेरचे खेळाडू आणण्याची विद्या ईस्ट बंगालला जुनीच अवगत आहे. अहमद खान, अप्पाराव, वेंकटेश, धनराज, सालेह या त्यांच्या गाजलेल्या आघाडीला लोक ‘पंचपांडव’ म्हणत, आणि पाचही दक्षिणेतले. त्याही आधी मोहम्मेडन स्पोर्टिंगने ठिकठिकाणचे खेळाडू गोळा करून 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षं कलकत्ता लीग जिंकली होती.

खेळाडूचं भलं झालं. मोठं मैदान मिळालं, नाव मिळालं, हातात चार पैसे जास्त आले. ते त्याच्या हक्काचेच होते. पण ज्याने सायकलचं भाडं दिलं, ज्याने कच्चा पाय घडवला, त्याच्याकडे काय परत गेलं? हौशी खेळात खेळाडूची कागदावरची किंमत शून्य, आणि शून्यातला वाटाही शून्यच. रहीम यांनी 1962 मध्ये जकार्त्याला भारताला एशियाडचं सुवर्ण मिळवून दिलं आणि 11 जून 1963 ला ते गेले. हैदराबादचा झरा पुढे आटत गेला. त्याला कारणं अनेक, पण वरून पाणी नेत राहायचं आणि मुळाशी गाळ साचू द्यायचा, हे त्यातलं एक खास.

आता लांबची उडी. हे तोंड अमेरिकेत उघडतं, न्यू जर्सीतल्या तुझ्या मावशीच्या अंगणात. साल 2017. इथला फुटबॉल वेगळा, चेंडू लांबट आणि बहुतेक वेळ हातातच. तुझा डावा पाय इथे फार तर किक मारायच्या कामाचा. तू हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि मावशीच्या सोफ्यावर एका कॉलेजचा प्रशिक्षक बसलाय. तिने केलेला चिवडा खात तो तुझ्या अभ्यासाची चौकशी करतो, शिष्यवृत्तीचं बोलतो. चार वर्षं तुला जपण्याचा शब्दही देतो.

त्याला तुझी गरज आहे, कारण नियम तसा आहे. कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला नव्या ठिकाणी एक वर्ष बाहेर बसावं लागतं. कोण फुकट बसेल? म्हणून संघ बांधायचा तर हायस्कुलातूनच. हाच प्रशिक्षक मात्र उद्या जास्त पगारावर दुसरीकडे गेला तर त्याला एक दिवसही थांबावं लागत नाही. पोराने थांबायचं, साहेबाने निघून जायचं. पोरं याला अन्याय म्हणत होती, आणि तो होताच.

मग कुलूप निघू लागतं. ऑक्टोबर 2018 मध्ये ‘ट्रान्सफर पोर्टल’ येतं. जायचंय एवढं कळवलं की नाव यादीत चढतं, प्रशिक्षकाची परवानगी लागत नाही. 2021 मध्ये एकदा कॉलेज बदलून लगेच खेळायची मुभा मिळते, आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घेण्याचीही. 2024 मध्ये, अभ्यासात पास असशील तर, कितीही वेळा बदल. 2025 पासून कॉलेजं स्वतः खेळाडूंना पैसे देऊ लागतात. पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर.

तू 2025 मध्ये पुन्हा त्याच अंगणात ये. वय अजूनही सतरा, सोफाही तोच. प्रशिक्षक आता मनात हिशेब करतोय. एकीकडे तू, ज्याला अंग भरायला दोन वर्षं हवीत आणि तयार झाल्यावर तू थांबशीलच याची खात्री नाही. दुसरीकडे पोर्टलमधला बावीस वर्षांचा गडी, तीस सामने खेळलेला, उद्या मैदानात उतरणारा. संघात जागा मोजक्याच. तू प्रशिक्षक असतास तर कुणाला फोन केला असतास? अव्वल दहा-वीस पोरांच्या घरी तो आजही जातो. तू एकशे विसावा आहेस. तू आधी एखाद्या छोट्या कॉलेजात जाशील, तिथे तयार होशील आणि मग मोठं कॉलेज तुला उचलेल. छोट्याला त्याबद्दल वाटा देण्याची रीत तिथे नाही.

परतीच्या वाटेवर एकदा कोल्हापुरात वर ये. शाहू स्टेडियम, केएसएची लीग. 1940 साली स्थापन झालेली ही कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन. इथे क्लबाआधी तालीम आणि पेठ येते. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल. नावं घेतली की माणूस कुठल्या गल्लीतला ते कळतं. मोसमाआधी खेळाडूंची नोंदणी सुरू झाली की कट्ट्याकट्ट्यावर एकच विषय, यंदा कोण कुठे गेला. बाहेरचे खेळाडू आले, नायजेरियाचे आले, खेळ वाढला, गर्दी वाढली. त्याच गर्दीत तुझ्या शेजारचे एक काका कुरकुरतात, “आमची पोरं बाकावर बसाय झालीत, बघा.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. याच शहरातला अनिकेत जाधव लहानपणी पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो बाहेर पडला नसता तर? जाणं वाईट नसतंच.

चल, नौबाद आलं. वर ये आणि मोजे झटक.

चार ठिकाणी तू एकच गोष्ट पाहिलीस. वाट बंद असते तेव्हा प्रशिक्षक कच्च्या पोरांच्या दारात येतो, पण ते पोर पुढे अडकून पडतं. वाट मोकळी होते तेव्हा खेळाडू सुटतो, पण त्याच्या मागच्या पोराचं दार कुणी ठोठावत नाही. माझं मत विचारशील तर कुलूप पुन्हा लावू नये. जाणाऱ्याला जाऊ द्यावं आणि ज्याने घडवलं त्याचा वाटा मुळाशी परत यावा.

हे स्वप्नरंजन नाही. फिफाचा नियमच आहे. व्यावसायिक खेळाडू पैसे मोजून एका देशातून दुसऱ्या देशात गेला की रकमेतला 5 टक्के भाग त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटायचा. वयाच्या 12 ते 15 पर्यंतच्या प्रत्येक मोसमाला पाव टक्का, पुढच्या प्रत्येकाला अर्धा. समज, तू बाराव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत नौबादच्याच क्लबात खेळलास आणि पुढे कधी 1 कोटीला परदेशी गेलास. नौबादच्या वाट्याला 2 लाख येतात. गोलपोस्ट, जाळी, चेंडू आणि पन्नास पोरांचे बूट त्यात बसतात.

अटी दोन. क्लब महासंघाकडे नोंदलेला हवा, आणि त्या त्या वर्षी त्या क्लबाच्या नावावर तुझी नोंद हवी. म्हणून मैदानावर पोरं खेळवणाऱ्या प्रत्येक काका-अण्णांना माझं सांगणं आहे: चेंडूच्या आधी वही आणा आणि जन्मदाखल्यासह पोरांची नावं रीतसर चढवा. बाराव्या वर्षाची नोंद सतराव्या वर्षी करता येत नाही.