भाषांचा गोंधळ

शांडोर फेरेंत्सी हे नाव मराठी वाचकाने ऐकलेलं असण्याचं तसं काही कारण नाही. फ्रॉइड सगळ्यांना माहीत असतो (निदान शेरेबाजीपुरता तरी!), युंगही कधीतरी कानावरून गेलेला असतो. फेरेंत्सी हा बुडापेस्टचा डॉक्टर, जन्म 1873 चा, आणि 1908 पासून फ्रॉइडचा अगदी जवळचा मित्र. 1909 साली फ्रॉइड अमेरिकेला गेला तेव्हा बोटीवर युंगबरोबर हाही होता. इतरांनी हात टेकलेले पेशंट याच्याकडे यायचे. या माणसाने सप्टेंबर 1932 मध्ये जर्मनीतल्या व्हीसबाडेन गावी, मनोविश्लेषकांच्या परिषदेत एक निबंध वाचला. लहानपणी घरातल्याच मोठ्या माणसाने ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार केले त्यांच्या मनात नेमकं काय होतं, हा त्याचा विषय. मला विचाराल तर या विषयावर इतकं नेमकं त्याआधी कुणी लिहिलं नव्हतं. आणि त्या निबंधाचं पुढे जे झालं, ते तर निबंधात लिहिल्याप्रमाणेच झालं.

पण आधी थोडं मागे जायला हवं.

मुलांवर असे अत्याचार होतात हे डॉक्टरांना माहीतच नव्हतं, असं मुळीच नाही. पॅरिसमध्ये आंब्रवाझ तार्द्यू या न्यायवैद्यक डॉक्टरने 1857 सालीच त्यावर पुस्तक लिहिलं होतं. पुढे फ्रॉइड पॅरिसला शिकून व्हिएन्नाला परत आला, प्रॅक्टिस सुरू केली, आणि 21 एप्रिल 1896 ला तिथल्या डॉक्टरांच्या सभेत त्याने सांगून टाकलं की हिस्टेरियाचं मूळ बालपणीच्या लैंगिक अत्याचारात आहे. आधार होता 18 पेशंटांचा, 12 बायका आणि 6 पुरुष. अध्यक्ष होते क्राफ्ट-एबिंग, म्हणजे त्या काळचे या विषयातले सगळ्यात मोठे नाव. त्यांनी शास्त्रीय परीकथा म्हणून ते निकालात काढलं.

दीड वर्षाने, 21 सप्टेंबर 1897 ला, फ्रॉइडने आपल्या फ्लीस नावाच्या मित्राला पत्र लिहून कळवलं की आता माझाच त्या सिद्धांतावर विश्वास उरलेला नाही. कारणं बरीच दिली आहेत. त्यातलं एक असं, की हे खरं मानलं तर इतक्या सगळ्या बापांना दोषी धरावं लागेल, आणि ते संभवत नाही. इथून पुढे गाडी हळूहळू दुसऱ्या रुळावर गेली. पेशंट सांगतोय ती बहुतेक वेळा घडलेली घटना नसून त्याच्या मनातली इच्छा किंवा कल्पना आहे, असं मानण्याकडे कल झाला. आमच्या धंद्यात बग रिपोर्ट 'युजर एरर' असा शिक्का मारून बंद करतात ना, तसंच काहीसं.

फ्रॉइडला सरसकट खलनायक करणंही बरोबर नाही. असे अत्याचार होतच नाहीत असं तो कधी म्हणाला नाही. शिवाय 1896 चा फ्रॉइड काही शांतपणे ऐकून घेणारा नव्हता. पेशंटच्या कपाळावर हात दाबून, आठव आठव म्हणून मागे लागायची त्याची पद्धत होती. या आग्रहाचं काय होऊ शकतं ते पुढे येईलच.

तर व्हीसबाडेन. निबंधाचं नाव 'मोठे आणि मूल यांच्यातला भाषांचा गोंधळ' अशा अर्थाचं आहे. मूल माया मागतं, खेळतं, लाडात येतं. ती त्याची भाषा. मोठा माणूस त्याला आपल्या वासनेच्या भाषेत उत्तर देतो. मग मूल काय करतं? ओरडतं, पळून जातं? फेरेंत्सी म्हणतो, नाही. भीती इतकी असते की ते पूर्ण शरण जातं. समोरच्याला काय हवंय हे ओळखून तसं वागू लागतं, स्वतःला विसरून त्याच्यासारखंच होऊ पाहतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्या माणसाच्या मनातली अपराधाची टोचणी मूल स्वतःच्या अंगावर घेतं. अत्याचार करणारा दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने, कधी कधी तर जास्तच कडक शिस्तीने वागतो. मूल आईकडे जायला बघतं, तर आई म्हणते, काहीतरीच काय बोलतोस! फेरेंत्सीच्या मते मनाचा खरा तुकडा पडतो तो या दुसऱ्या ठिकाणी. आपल्याच डोळ्यांवर, कानांवर भरवसा राहत नाही.

याचा उपचारांशी संबंध काय, तर तो थेट आहे. पेशंट कोचावर आडवा, डॉक्टर त्याच्या मागे अलिप्तपणे बसलेला, मनातला कंटाळा किंवा नावड लपवून गोड बोलणारा. म्हणजे घरी जे झालं तेच पुन्हा! फेरेंत्सीने या व्यावसायिक ढोंगावर त्या निबंधातच बोट ठेवलं. एलिझाबेथ सेव्हर्न नावाची त्याची एक अमेरिकन पेशंट होती. तुम्हाला मी आवडत नाही आणि तुम्ही ते लपवताय, असं तिचं म्हणणं. शेवटी त्याने ते कबूल केलं. आपण चुकतो तिथे चुकलो म्हणावं, मग पेशंटचा विश्वास बसतो. आणि तो विश्वास हाच तेव्हाच्या आणि आताच्या परिस्थितीतला फरक, हा त्याचा निष्कर्ष. (पुढे तर दोघं आळीपाळीने एकमेकांचं विश्लेषण करू लागले. ते मात्र अतीच झालं, आणि त्याच्या अडचणी त्याने स्वतःच डायरीत लिहून ठेवल्या आहेत.)

परिषदेआधी त्याने हा निबंध फ्रॉइडला वाचून दाखवला होता. फ्रॉइडला तो अजिबात पटला नाही, छापू नको असा त्याचा सल्ला होता. मे 1933 मध्ये फेरेंत्सी रक्ताच्या आजाराने वारला. जर्मनमध्ये निबंध त्याच वर्षी आला, पण इंग्रजीत यायला 1949 उजाडलं. 1957 मध्ये अर्नेस्ट जोन्सने फ्रॉइडच्या चरित्रात लिहून टाकलं की शेवटी शेवटी फेरेंत्सीचं डोकंच ठिकाणावर नव्हतं. त्याला जवळून ओळखणाऱ्या मायकेल बालिंटने हे खोडून काढलं, पण शिक्का बसायचा तो बसला. 1932 मधली डायरी तर 1985 मध्ये प्रसिद्ध झाली. काहीतरीच काय बोलतोस...

मधल्या काळात काय परिस्थिती होती? 1975 मध्ये अमेरिकेत निघालेल्या मानसोपचाराच्या एका मोठ्या पाठ्यपुस्तकात घरातल्या अशा संबंधांचं प्रमाण दहा लाखांत एक असं छापलेलं होतं! बॉस्टनच्या ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंना हा आकडा काही पटेना, कारण त्यांच्याकडेच एकामागून एक अशा बायका येत होत्या. स्त्री चळवळीमुळे बायका आपापसात बोलू लागल्या होत्या, आणि ही दारं खरं तर त्यांनीच उघडली. हर्मनबाईंचं 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' 1992 मध्ये आलं. त्यात बरं होण्याचे तीन टप्पे सांगितले आहेत: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि त्याचा शोक करणं, मग पुन्हा माणसांत येणं. क्रम महत्त्वाचा. झोप, राहती जागा, आसपासचा धोका यांचं काही बघितल्याशिवाय आठवणी उकरायच्या नाहीत.

हा क्रम न पाळल्याची उदाहरणं त्याच दशकात अमेरिकेत भरपूर झाली. संमोहन करून, सुचवून सुचवून काही थेरपिस्टांनी पेशंटना न घडलेल्या गोष्टीही 'आठवायला' लावल्या. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1995 मध्ये प्रयोगाने दाखवलं की लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची खोटी आठवण काही लोकांच्या मनात तयार करता येते. कपाळावरचा हात पुन्हा आला म्हणायचा! विश्वास ठेवणं आणि बोलायला भाग पाडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फेरेंत्सीच्या निबंधाचा रोख पहिलीकडे होता.

आपल्याकडे पिंकी विराणींचं 'बिटर चॉकलेट' 2000 साली आलं. 2007 मध्ये केंद्राच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून अहवाल काढला. 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं, आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. बहुतेकांनी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. 'दहा लाखांत एक' नंतर हे वाचताना गरगरतं.

त्यानंतर 2012 चा पॉक्सो कायदा आला. त्याची कलमं मी एका रविवारी बसून वाचून काढली. शिक्षेच्या कलमांवर पेपरात चर्चा होते, पण माझं लक्ष जबाबाच्या कलमांवर अडकलं. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हवं तिथे घ्यायचा. पोलिसाने गणवेशात जायचं नाही. मुलाचा ज्यांच्यावर विश्वास आहे असं कुणी त्या वेळी शेजारी असावं. आणि मॅजिस्ट्रेटसमोरचा जबाब असेल तर कलम 25 सांगतं, की मूल जसं बोललं तसंच लिहून घ्यायचं.