मुलं युद्धावर गेली, तेव्हा संघात आलेला पांचो

आज ऐकू या एका टेनिस खेळाडूची गोष्ट. ती दूरच्या देशातली आहे, पण आपल्या गटालाही उपयोगी पडेल.

दक्षिण अमेरिकेत इक्वेडोर नावाचा देश आहे. तिथल्या ग्वायाकिल शहरात 1921 साली फ्रान्सिस्को सेगुरा जन्मला. सगळे त्याला पांचो म्हणत. लहानपणी त्याला मुडदूस झाला. ड जीवनसत्त्व कमी पडलं की मुलांची हाडं मऊ राहतात आणि पाय वाकतात. पांचोचेही पाय वाकडे झाले. वडील टेनिस क्लबात राखणदार होते. सभासद खेळायचे आणि हा मुलगा त्यांचे चेंडू गोळा करून द्यायचा. तिथंच बघून बघून तो खेळायला शिकला. हातात पुरेशी ताकद नव्हती, म्हणून रॅकेट दोन्ही हातांनी धरायचा. 1938 साली बोगोटाच्या स्पर्धेत त्यानं सुवर्णपदक मिळवलं.

पुढे तो अमेरिकेत गेला. मायामी विद्यापीठाच्या टेनिस संघाचे प्रशिक्षक गार्डनर मलॉय यांनी त्याचा खेळ हेरला आणि त्याला शिष्यवृत्ती मिळवून दिली. इंग्रजी फारसं येत नसताना तो कॉलेजात दाखल झाला.

तो काळ दुसऱ्या महायुद्धाचा होता. डिसेंबर 1941 मध्ये अमेरिका युद्धात उतरली. पुढच्या वर्षी सक्तीच्या सैन्यभरतीचं वय 18 वर आलं. कॉलेजांतली मुलं सैन्यात गेली, मलॉयही नौदलात गेले. संघ ओस पडले. चेंडूसुद्धा मिळेनात, कारण रबर पिकवणारा मलाया जपाननं जिंकला होता आणि उरलेलं रबर लढाईच्या कामी लागत होतं.

एरवी अनेक विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात घेत नसत. ‘आधी शिका, मग बघू,’ असा रिवाज होता. युद्धात माणसंच उरली नाहीत, तेव्हा बऱ्याच ठिकाणी हा नियम सैल झाला आणि नवी मुलं थेट मैदानात उतरली. म्हणजे आड येत होता तो रिवाज. त्यांच्या अंगी खेळ होताच.

या काळात पांचोनं 1943, 1944 आणि 1945 अशी सलग तीन वर्षं अमेरिकेतल्या कॉलेजांची एकेरी स्पर्धा जिंकली. चांगले खेळाडू सैन्यात होते म्हणून तो जिंकला, असं कुणी म्हणेल. पण युद्ध संपलं, ते परत आले, तरी पांचो टिकला. 1947 पासून तो व्यावसायिक खेळाडू म्हणून त्यांच्याशीच लढला. त्याच्या दोन हातांच्या फटक्याला जॅक क्रेमरसारख्या विजेत्यानं टेनिसमधला सर्वांत उत्तम फटका म्हटलं.

मैत्रिणींनो, त्या मुलांना संधी मिळाली, पण त्यासाठी कितीतरी आयांची मुलं लढाईवर जावी लागली. संधी देण्याची ही फार महाग रीत झाली.

आपल्या गटातही कुणीतरी मागे बसते. ‘ती नवीन आहे, तिला काय कळतं,’ असं आपण सहज म्हणून जातो. मग सचिवबाई आजारी पडली किंवा गाव सोडून गेली, की त्याच बाईला घाईघाईनं पुढं करतो आणि ती काम नीट करते. जागा रिकामी होईपर्यंत थांबायचं कशाला? पुढच्या बैठकीत जमाखर्चाची वही तिच्या हातात द्या आणि शेजारी बसून दाखवा.