चार नावांचे एक पत्र

मराठी पत्रांच्या जन्मतारखा आपण शाळेत मुलांकडून घोकून घेतो. 'दर्पण' कधी निघाले, असे विचारले की शेवटच्या बाकावरचा मुलगाही ६ जानेवारी १८३२ म्हणून सांगून मोकळा होतो. पण ते बंद कधी पडले, असे विचारा. मुले मास्तरांकडे पाहतील आणि मास्तर खिडकीबाहेर. (१८४० च्या जुलैत बंद पडले.) पत्र जन्मले की पेढे वाटावेत आणि ते गेले की कोणाला कळवू नये, अशीच आपली रीत दिसते.

एकट्या माणसाच्या लेखणीवर चालणाऱ्या पत्रांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली 'निबंधमाला' सुरू केली. सात वर्षे एका हाताने ती ओढली आणि मग थांबवली. असे एकहाती पत्र म्हणजे घरच्या विहिरीवरची मोट. ओढणारा दमला, परगावी गेला किंवा दुसऱ्या कामाला जुंपला गेला की पाट कोरडा पडतो. त्याचे कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटावे ते पुन्हा त्याच विहिरीवर येऊन, मोट का थांबली याचा विचार करून, सारी व्यवस्था नव्याने लावणाऱ्याचे. आणि हे एकदा नव्हे, छत्तीस वर्षांत तीनदा करणारा गृहस्थ आपल्या महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

'मूकनायक', 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत' ही त्यांची चार पत्रे म्हणून आपण मोजतो. (समाज समता संघाचे 'समता' १९२८ साली निघाले. ते संघाचे मुखपत्र, म्हणून येथे वेगळे ठेवतो.) मला मात्र ती चार पत्रे वाटत नाहीत. तीन वेळा मोडलेले आणि तीन वेळा नव्या बांधणीने उभे केलेले ते एकच पत्र आहे.

पहिली उभारणी ३१ जानेवारी १९२० ची. बाबासाहेब तेव्हा मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. दरमहा साडेचारशे रुपये पगार. कॉलेज सरकारी, तेव्हा संपादक म्हणून त्यांचे नाव छापण्याची सोय नव्हती. संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले आणि सुरुवातीचे अग्रलेख बाबासाहेबांनी लिहिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. प्राध्यापकाच्या साडेपाच महिन्यांच्या पगाराएवढी ती रक्कम. पत्र निघत असल्याची जाहिरात 'केसरी'कडे धाडली, तर पैसे मोजूनही ती छापून मिळाली नाही. मुक्यांच्या नायकाची पहिली हाकही दुसऱ्याच्या दारातून परत आली.

ह्या पाक्षिकाच्या शिरावर तुकोबांचा अभंग असे. भीड धरून चालायचे नाही, मुक्याला जगात कोणी वाली नसतो, हा त्याचा आशय. पहिल्या अंकातल्या लेखात हिंदू समाजाला अनेक मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली आहे. एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला त्याला जिनाच नाही. जो जिथे जन्मला तिथेच त्याने मरायचे. ही उपमा वाचली की जुन्या गावकुसाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो. तिला भाष्याची गरज नाही.

पण पत्राचा सारा जीव एका माणसात होता, आणि तो माणूस त्याच वर्षीच्या जुलैत अर्धे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला निघून गेला. संपादकाच्या जागी ज्ञानदेव घोलप आले. पत्र रखडत चालले आणि १९२३ साली संपले. मोठी मौज अशी की, त्याच वर्षीच्या एप्रिलात बाबासाहेब मायदेशी परतले. धनी घरी आला तेव्हा दिवा विझलेला होता.

पुढची चार वर्षे त्यांनी पत्र काढले नाही. आपल्याला वाटेल, हा विसर किंवा आळस असावा. तो नव्हता. १९२४ च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, वसतिगृहे निघाली, माणसे जमू लागली. 'मूकनायक'च्या वेळी पत्र आधी निघाले आणि त्याच्या पाठीशी उभी राहणारी माणसे नंतर शोधावी लागली. ह्या खेपेस आधी माणसे जमवली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांचे हजारो अनुयायी प्याले, आणि त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, ३ एप्रिलला, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. आता सांगायला घडलेली गोष्ट होती, आणि ती ऐकायला ती घडवणारेच होते.

जुनेच नाव पुन्हा घेता आले असते. जुने वर्गणीदार तरी ओळखीने जवळ आले असते. ते त्यांनी घेतले नाही. नायक गेला आणि भारत आला. एका माणसाने मुक्यांच्या वतीने बोलायचे, एवढ्यावर आता काम भागणार नव्हते. देशातल्या देशात वेगळा काढलेला एक देशच बोलणार होता. शिरावरचा मजकूरही बदलला. तुकोबांच्या जागी ज्ञानेश्वरीतल्या ओव्या आल्या, आणि त्यांचा भाव असा की, अर्जुना, ऊठ, धनुष्य हाती घे आणि रथावर चढ. भीड सोडून बोल, असे सात वर्षांपूर्वी सांगणारे पत्र आता लढायला ऊठ म्हणून सांगू लागले. दोन्ही खेपेस आधार वारकरी संतांचाच घेतला. ज्या वाङ्मयाचा अभिमान वरच्या मजल्यावरचे लोक मिरवत होते, त्यातूनच हत्यार उचलले, ह्यात केवळ भक्ती होती असे मला वाटत नाही.

संपादक म्हणून ह्या वेळी बाबासाहेबांचे स्वतःचे नाव लागले आणि सगळा भारही त्यांच्याच खांद्यावर आला. दिवसा वकिली, मुंबई कायदेमंडळाचे सदस्यत्व, पुढे लॉ कॉलेजात शिकवणे, सायमन कमिशनपुढची निवेदने. आणि रात्री पत्र. अग्रलेख, 'आजकालचे प्रश्न'सारखी सदरे, स्फुटे, विरोधकांना उत्तरे मिळून अंकाचे चोवीस चोवीस रकाने एकट्याने भरावे लागतात, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. चोवीस रकाने म्हणजे किती, हे ज्याने कधी शाळेचे हस्तलिखित वार्षिक काढले असेल त्यालाच कळेल. चार पाने लिहायला मुले तयार होत नाहीत आणि शेवटी मास्तरच टोपणनावाने कविता लिहून जागा भरतात. येथे तर वाद शंकराचार्यांपासून सरकारपर्यंत सर्वांशी होता आणि एक शब्द चुकीचा पडून चालणार नव्हते.

१९२८ च्या फेब्रुवारीत त्यांनी वाचकांनाच जाब विचारला, की ह्या पत्राचे काही ऋण तुमच्यावर आहे की नाही? तो लेख आजही वाचताना अंगावर काटा येतो, कारण त्यात याचना नाही, हिशेब आहे. आपण पत्रातून दमडी घेतली नाही, डोळ्यांचे तेल जाळले, आता तुम्ही काय करणार, असा त्याचा रोख आहे. पण ज्यांच्यासाठी पत्र काढायचे त्यांच्या खिशात वर्गणी नाही, आणि ज्यांच्या खिशात पैसा आहे ते जाहिरात देत नाहीत. ह्या कात्रीतून कोणाची सुटका होणार? १५ नोव्हेंबर १९२९ च्या अंकानंतर 'बहिष्कृत भारत' थांबले.

येथपर्यंतची गोष्ट बहुतेक एकहाती पत्रांसारखीच आहे. खरी गंमत पुढे आहे. वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९३० रोजी, 'जनता' निघाले. त्या दिवशी बाबासाहेब कोठे होते? मुंबईत नव्हते. ते ऑक्टोबरातच बोटीत बसले होते आणि लंडनला पहिल्या गोलमेज परिषदेत अस्पृश्यांची बाजू मांडत होते. ते लंडनला गेले म्हणून पहिले पत्र मेले होते. हे पत्र ते लंडनला असताना जन्मले! दहा वर्षांत काय बदलले असेल, तर हेच. आता पत्र त्यांचे होते, पण त्यांच्या एकट्याच्या लेखणीवर अडून बसणारे नव्हते. संपादनाला देवराव नाईक होते, पुढे भास्करराव कद्रेकर आणि गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे आले. नाईक आणि सहस्रबुद्धे हे जन्माने ब्राह्मण, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. कारण ही भांडणे जातीची नसून अन्यायाची होती, हे एरवी पटवून द्यावे लागते. 'जनता' पाक्षिक म्हणून निघाले, पुढच्याच वर्षी साप्ताहिक झाले आणि पाव शतक चालले. शिरावर ह्या खेपेस संतवचन नव्हते. गुलामाला त्याच्या गुलामीची जाणीव द्या म्हणजे तो आपण होऊन बंड करील, अशा अर्थाचे वाक्य होते. नावातून बहिष्काराचा शब्दही गेला. बहिष्कृत हे दुसऱ्याने लावलेले विशेषण. जनता म्हणजे आपण सगळे.

आता आमच्याकडचे थोडे. नांदेड, लातूर हा भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. लातूर जिल्हाही नव्हता. तो १९८२ साली झाला. सरकारदरबारची भाषा उर्दू, साक्षर माणसे शंभरात दहासुद्धा नाहीत, आणि सभा भरवायची तर 'गश्ती निशान त्रेपन्न' आडवे येई. परवानगीवाचून सभा नको, असा तो हुकूम. छापील शब्दाचे तर विचारूच नये. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' पत्रावर निजामाची बंदी येई आणि ते नाव बदलून पुन्हा निघे, ही हकीगत जुन्या माणसांना ठाऊक आहे. अशा मुलखात मुंबईचे पत्र येऊन पोचायचे ते बार्शीकडून लातूरला येणाऱ्या अरुंद रुळांच्या गाडीने किंवा कोणाच्या तरी गाठोड्यातून. मग वस्तीत एखादा वाचणारा असला तर त्याने कंदिलापाशी बसून वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. अशा ठिकाणी अंकांचा खप मोजून पत्राचे वजन कळत नाही. लातूरपासून फार दूर नसलेल्या कसबे तडवळे येथे २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला महार-मांगांची परिषद भरली आणि तिला स्वतः बाबासाहेब आले. ही वार्ता वाड्यावस्त्यांवर पोचवण्याचे काम 'जनते'सारख्या पत्रांचे आणि तोंडातोंडी चालणाऱ्या निरोपांचेच होते.

४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनते'चे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. पत्र बंद न पडता त्याचे रूप बदलले, असे ह्या साऱ्या इतिहासात एकदाच घडले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि २७ ऑक्टोबरला दीक्षेचा विशेषांक निघाला. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. म्हणजे नव्या नावाचे पत्र त्यांना दहा महिने लाभले. तथापि मालकाबरोबर ते मेले नाही. १९६१ पर्यंत चालले. 'मूकनायक'ला जे साधले नाही ते 'प्रबुद्ध भारत'ला पाच वर्षे तरी साधले.

मुके, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. नावात काय आहे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी एकदा आमच्या नांदेड जिल्ह्यात यावे. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव विधिमंडळाने १९७८ च्या जुलैत केला, आणि एका नावापायी येथल्या वस्त्या जळाल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले.

पत्राची परंपरा ह्याच मराठवाड्यात दुसऱ्या अंगानेही फुटली. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरात १९६७-६८ च्या सुमारास 'अस्मिता' नावाचे नियतकालिक निघाले. पुढे त्याचेही नाव बदलले आणि गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' म्हणून ते दशकानुदशके चालवले. एका पिढीचे दलित लेखक त्या पानांवर लिहिते झाले. ह्याच पानतावण्यांनी पत्रकार आंबेडकर हा विषय घेऊन प्रबंध लिहिला, हा योगायोग खचित नव्हे. आणि 'प्रबुद्ध भारत'? ते १० मे २०१७ रोजी, बुद्धपौर्णिमेला, प्रकाश आंबेडकर यांनी पुन्हा सुरू केले. छप्पन्न वर्षांनी! त्याच्या आदल्याच वर्षी दादरचे जुने आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला होता. खिळे जुळवणारे हात गेले, भिंती गेल्या, नाव मात्र परत आले.

महाराष्ट्र शासनाने १९९० साली 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंक वसंत मून यांच्या संपादनाखाली एकत्र छापले. तो जाडजूड ग्रंथ आता मोठ्या ग्रंथालयांतून पाहायला मिळतो. त्यातले 'मूकनायक'चे अंक मात्र थोडे आहेत. पत्र तीन वर्षे चालले आणि हाती लागले ते बव्हंशी पहिल्या वर्षातलेच. लंडनच्या काळात ते कसे रखडत गेले हे सांगणारी पाने गहाळ आहेत. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. तळाशी पिवळ्या पडलेल्या कागदांची घडी निघाली, तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी वरचे नाव तेवढे वाचून पाहावे. १९२१, १९२२ किंवा १९२३ चा अंक असला तर तो हवा आहे.